संचिताचा लेखनिक

कुडाळच्या एस.टी. स्टँडवर, ऑक्टोबरच्या एका घामट दुपारी, संचिताने शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "ही गाडी मालवणाक जाता मा?"

मुलगा हसला. "पाटी समोरच आसा. वाच मगे."

पाटी तिलाही दिसत होती. पण घाईगर्दीत अक्षरं अशी एकमेकांच्या अंगावर चढत, की माणगाव कुठलं आणि मालवण कुठलं हे ठरवेपर्यंत गाडी सुटून जाई. तिचे कान तापले. पुन्हा विचारण्यापेक्षा ती तशीच गाडीत चढली, आणि कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा कळलं, ही माणगावची.

मालवणला कॉलेजात पोचेपर्यंत खूप उशीर झाला होता. ग्रंथालयामागच्या एका खोलीत सत्यवती मॅडम दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सहाय्य केंद्र चालवत. संचिताला डिस्लेक्सिया आहे, हे याच खोलीत पहिल्यांदा कुणीतरी तिला नीट समजावून सांगितलं होतं. तोवर सगळ्यांच्या लेखी ती आळशीच होती.

"ये, संचिता," मॅडम म्हणाल्या. "हा पुष्कर. सेकंड इयर कॉमर्सला आहे. या परीक्षेत तुझे पेपर हा लिहील."

खुर्चीतून उठलेला मुलगा तोच होता. त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं.

मॅडम बाहेर गेल्यावर तो खाली बघत पुटपुटला, "माका म्हायती नाय होता..."

"म्हायती नसला की लोक असाच हसतत," ती म्हणाली.

त्याने माफी मागितली नाही. बहुधा कशी मागावी हे त्याला सुचलं नसावं. पण त्या संध्याकाळी तिच्या फोनवर भूगोलाचं एक प्रकरण आलं, त्याच्या आवाजात. मग रोज एक. कुडाळला ती मावशीकडे राहायची; तिथल्या ओट्यावर बसून ती ऐकायची. मागे कधी लाटांचा आवाज, कधी त्याच्या आईची हाक. एकदा तर खनिजांच्या मधोमध तो गंभीरपणे म्हणाला, "ह्या पान लय रटाळ आसा. चाय पिऊन ये, मी थांबतंय." संचिता एकटीच हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला सांगितलं, की चहा झाला, पण तो काही थांबला नाही, पुढे वाचतच गेला. तो लाजला. त्याला लाजताना बघायची तिला सवय लागत चालली होती.

परीक्षेचा वर्ग वेगळा होता. ती, तो आणि एक पर्यवेक्षक. नियम कडक. लेखनिकाने प्रश्न वाचायचा, ती सांगेल तेच लिहायचं. खुणेनेही काही सुचवलं, तर पेपर रद्द.

पहिले पेपर बरे गेले. मग भूगोलाच्या पेपराला बाहेर आभाळ भरून आलं, वीज गेली, पंखा थांबला. पुष्करने प्रश्न वाचला. भरती-ओहोटीचा. आरोंद्याला खाडीच्या काठावर वाढलेल्या मुलीला हा प्रश्न म्हणजे घरचाच. ती भराभर सांगू लागली. तेवढ्यात ढग असा गडगडला, की शब्दांची जिभेवरच अदलाबदल झाली.

"अष्टमीला... उधाणाची भरती येते. आणि अमावास्या-पौर्णिमेला भांगाची."

पेन थांबलं.

क्षणभरच. पण पर्यवेक्षकांनी मान वर केली. त्यांच्या चपलांचा आवाज बाकापाशी येऊन थांबला.

"काय झालं?"

"काही नाही, सर," पुष्कर म्हणाला, आणि तिने सांगितलं होतं तसंच, उलटंच, लिहू लागला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

संचिताला चूक लख्ख कळली: उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच येतं. तोंड उघडून 'खोड ते' म्हणायचं, इतकंच. पण ही चूक तिला तिच्या डोक्याने दाखवली नव्हती, त्याच्या पेनाने दाखवली होती. आणि पर्यवेक्षक अजून तिथेच उभे होते. 

"पुढचं लिही," ती म्हणाली.

पेपर संपताच तो तिच्यासाठी न थांबता जिना उतरून गेला. संध्याकाळी सत्यवती मॅडमचा फोन आला, की शेवटच्या पेपराला पुष्कर येणार नाही; पहिल्या वर्षाची श्रिया लिहील. कारण मॅडमनी सांगितलं नाही, आणि संचिताने विचारलं नाही. विचारायचं काय? आजवर तिच्या चुकांना जो तो कंटाळला होता. हाही कंटाळला. फोनमधली त्याची प्रकरणं तिने उघडलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी श्रियाने प्रश्न वाचला आणि संचिताला काहीच आठवेना. श्रिया पेन धरून बसलेली. घड्याळ पुढे सरकत होतं. मग हळूहळू तिला राग येत गेला... त्याच्या जाण्यापायी मी पेपर घालवू? ती बोलू लागली, आणि घंटा होईपर्यंत थांबली नाही.

बाहेर धो धो पाऊस लागला होता. पोर्चमध्ये पुष्कर उभा होता, नखशिखांत भिजलेला.

"पेपर कसो गेलो?"

"तुका काय करूचा आसा?" तिचा आवाज कापला. "कंटाळलंस, तर तोंडार सांगूचा होता."

"कंटाळलंय? मी?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "संचिता, काल माझो हात थांबलो."

"बघितलंय मी."

"दुसऱ्या कोणाचो पेपर असतो तर थांबलो नसतो. तुझी चूक माका... लिवूक जमणा नाय. आज परत थांबलो असतो, तर तुझो पेपर रद्द झालो असतो. म्हणान मॅडमांका सांगलंय, दुसरो कोणतरी बघा."

"कारण सांगलंस?"

"सांगलंय."

"मगे?"

"मॅडम हसले."

ती मात्र हसली नाही. पन्हाळीतून पाणी कोसळत होतं. "माका तेव्हाच कळला होता," ती हळूच म्हणाली. "उधाण-भांग उलटा झाला ता."

"मगे बदललंस कित्याक नाय?"

"बदलला असता, तर ते मार्क तुझे झाले असते. माका माझेच व्हये."

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "अजून रागावलंस?"

"कालपासून. खूप." तिने हात पुढे केला. "पुढच्या परीक्षेकय श्रियाच लिवात. तुझो हात आता कधीय थांबलो तरी चलात."

त्याने तिचा हात धरला. त्याची बोटं गार पडली होती. पर्यवेक्षक छत्री उघडत त्यांच्या बाजूने पायऱ्या उतरले, त्यांनी एकदा वळून बघितलं, आणि ते पावसात चालू लागले.

पुष्करने हात सोडला नाही.