ओटीतला कापूस

चंद्रभान मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कापूस खात होता. अमरावतीच्या बाजारात, आपल्याच गाडीवर बसून, अगदी शांतपणे… शेजारी त्याचा बैलही तेच खात होता.

"काहून जी," मी विचारलं, "बैलाशी पैज लागली का?"

"बैल खाते अन् असा धष्टपुष्ट राहते. म्या काय पाप केलं?" त्यानं बोळा गालात सरकवला. "सकाळपासून चावून राहिलो. जसाच्या तसा आहे."

मी फडक्यातल्या भाकरीचा तुकडा पुढे केला. "हे चावा. गिळू नका… चावत राहा."

चावता चावता त्याचे डोळे मिटले. "गोड लागते! तुमी दिली म्हणून?"

"ज्वारी आहे म्हणून. आपली लाळ ज्वारीले ओळखते, विरघळवते, गोड करते. कापसाले ओळखतच नाही. बैलाच्या पोटात कापूस ओळखणारं कोणी बिऱ्हाड करून असेल."

"अन् तुमी… अकोल्याच्या माणसाले ओळखता का?"

"अजून चावून नाही पाह्यला," मी म्हटलं, आणि स्वतःच लाजले.

तेव्हा साता समुद्रापार कुठेशी लढाई पेटली होती आणि आमचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता. बाबांनी शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कापूसच पेरला. सगळ्या गावानं पेरला. पुढच्या उन्हाळ्यात हातात पैसा होता, बाजारात ज्वारी नव्हती. घरात आढ्यापर्यंत कापूस आणि त्यावर उपाशी पडलेली माझी माय, तानुबाई. गादी मात्र मऊ होती.

चंद्रभाननं मला मागणी घातली. "आमचं जमिनीतलं पेव ज्वारीनं भरलेलं आहे," तो म्हणाला. "ओटीत ज्वारीच घालाले सांगतो. तुझी माय उठून बसंल."

साक्षगंधाला त्याची आई गोदाबाई आली. मी पदर पसरला. ओटीत पडला—कापूस. पांढराशुभ्र, निवडलेला.

"अवो माय, ज्वारी…" चंद्रभान पुटपुटला.

"गप रे! ज्वारी घालून नाक कापून घेऊ? येवढा महाग माल कोण्या सुनेच्या ओटीत पडला नसंल!"

माझ्या मायनं अंथरुणातूनच तो चाचपला. "चांगला आहे," ती म्हणाली. "शिजाले किती वेळ लागते?"

चंद्रभाननं त्याच पावली गाडी जुंपली आणि अकोल्याला पळाला. ज्वारीचं पोतं घेऊन परतला तेव्हा आम्ही मायच्या नाकात ओटीतलाच कापूस घालत होतो.

तो पोत्यावर बसून रडला. मग म्हणाला, "आता तू मले नाहीच म्हणशील…"

"माय गेली की लग्न वर्षाच्या आत करा लागते," मी म्हटलं. "नाहीतर तीन वर्ष थांबा. तुह्याकडं तिफन आहे?"

"आहे… काहून?"

"घेऊन ये. हे पोतं पेराचं आहे."

पेरणीला तो आला. त्यानं बैल हाकले. मी तिफनीमागे चाड्यात मुठीनं ज्वारी सोडत चालले. बाबा धुऱ्यावरून ओरडले, "वच्छले, कापूस सोडून हे काय पेरून राहिली?"

"लग्न," मी म्हटलं.

चंद्रभाननं बैल थांबवले नाहीत. मागं वळूनही पाहिलं नाही… पण तिफनीचं मातीतलं तास मात्र पार वाकडं गेलं.