टॉन्सिलवाला डॉक्टर

आमची ओळख भांडणाने झाली. घशाच्या विभागातला नवा डॉक्टर शीळ घालत प्रयोगशाळेत शिरला आणि माझ्या टेबलावर एक बरणी ठेवून म्हणाला, "घ्या, ताजा माल." आत नुकतीच काढलेली टॉन्सिल्सची जोडी होती… फॉर्मॅलिनमध्ये.

"मारून आणलीत की," मी म्हणाले. "मला जिवंत पेशी लागतात. बर्फावर, तासाभराच्या आत."

"कान पकडतो," तो म्हणाला, आणि खरंच पकडले.

त्यानंतर शिपायाला न पाठवता तो स्वतःच बर्फाचा डबा घेऊन यायचा. चार मजले जिन्याने, धापा टाकत. ऑपरेशनच्या टोपीचा वळ कपाळावर तसाच असायचा. मला तो फार आवडायचा, पण बोलले कधी नाही. 'अहो'वरून आम्ही 'अरे'वर आलो, तरी नाही.

टॉन्सिलची पातळ चकती मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. पडद्यावर जंतूंशी लढणाऱ्या, रंग दिलेल्या पेशी: हिरव्या बी पेशी, लाल टी पेशी, सगळ्यांची लगबग.

"ही हिरवी काय करतेय?" तो खांद्यामागून विचारायचा.

"जंतूचा तुकडा घेऊन टी पेशीकडे निघालीय. टी पेशीने तो ओळखून होकार दिला, तर ही जगेल."

"आणि नाही दिला तर?"

"तर मरेल."

"फार भाव खातात बुवा तुझ्या टी पेशी."

"कामात असतात त्या."

"हो… बघतोय ना रोज," तो म्हणाला. माझे कान तापले. मी फोकस नीट करत बसले.

सहा महिन्यांनी एका सकाळी तो रिकाम्या हाताने आला.

"दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय. दुपारपर्यंत कळवायचंय." तो टेबलाजवळ आला. "जाऊ का मी?"

नेमक्या तेव्हाच एक हिरवी आणि एक लाल पेशी एकमेकींना चिकटत होत्या. तीन आठवडे मी याचीच वाट पाहत होते. चकती सरकत होती, हात काढला असता तर दृश्य गेलं असतं.

"पाच मिनिटं… प्लीज," मी मान वर न करता म्हणाले.

चित्रीकरण अप्रतिम झालं. "बघ ना—" म्हणत मी वळले, तर मागे कुणीच नव्हतं. घड्याळात पाऊण तास उलटला होता.

मी जिन्याने धावतच खाली त्याच्या विभागात गेले. तो नुकताच फोन ठेवत होता.

"'हो' म्हणून कळवलं," तो म्हणाला. "तुझं झालं का चित्रीकरण?"

"झालं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. अजूनही वेळ होता, हे मला आज कळतं. दुसरा फोन करता आला असता. 'नको जाऊस' एवढंच म्हणायचं होतं मला, ते अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी म्हणाले, "अभिनंदन."

त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. माझ्या हातातला रबरी मोजा काढायचंही मला सुचलं नाही.