तिसरा रोलर

"दाबू नकोस! अगं, दाबू नकोस म्हटलं ना!"

मामाच्या ओरडण्यानं वादळनं दचकून रोलर उचलला. पण व्हायचं ते झालंच होतं. गाडीच्या दारावर निळ्या रंगाचा एक जाड ओघळ खाली निघाला होता. मामानं तो आपल्या रोलरनं हलकेच पुसून घेतला आणि कपाळाला हात लावला. त्यामुळे कपाळही निळं झालं.

"रोलर नुसता फिरवायचा. एक पातळ हात, तो वाळला की पाणी लावून पाणपेपरनं घासायचं, मग दुसरा हात. तुला सगळं आजच हवं!"

"म्हणूनच तर तिचं नाव वादळ," खिडकीत बसलेला मामेभाऊ म्हणाला. चष्मा आणि उपदेश या दोन गोष्टी त्याला कायम चिकटलेल्या असत, म्हणून त्याला सगळे प्रोफेसर म्हणत.

"मला बॉनेट कधी देणार?" वादळनं विचारलं.

"हात हलका झाला की!"

इतक्यात गाडीखालून बारीक, केविलवाणं 'म्यांव' ऐकू आलं. "अगं बाई, पिल्लू अडकलं वाटतं!" म्हणत मामी धावत आली आणि गाडीखालून वादळचा धाकटा भाऊ दात काढत बाहेर आला. त्याला बोका उगीच म्हणत नव्हते!

वादळ आणि बोका सुट्टीत मामाकडे आल्यापासून तिघांचा मुक्काम या शेडमध्येच होता. शाळा उघडली की मामा मुलांची ने-आण करणार होता. शाळेच्या गाड्या निळ्या आणि मामाची जुनी गाडी लालभडक! गॅरेजवाला म्हणाला, महिनाभर नंबर लागणार नाही. मग मामानं पाणपेपर, स्पंजचे तीन रोलर आणि रंगाचा डबा आणला आणि घरीच काम सुरू केलं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर कायम खाली असे. आता दारं निळी झाली होती आणि बॉनेटवर राखाडी अस्तर होतं. गाडीवर लाल रंग औषधालाही उरला नव्हता.

"ह्यावर चादर टाकून ठेवू या का?" मामीनं विचारलं. "धूळ नको बसायला."

"छे! ओल्या रंगावर कधी काही पांघरायचं नाही. तो धरून बसतो!"

तेवढ्यात बाहेर वळणावर धाडकन आवाज झाला.

मामा रोलर टाकून धावला. मागोमाग मुलं. रस्त्यावर वसाहतीतले शिंपीकाका पडले होते. सायकल एकीकडे, ते दुसरीकडे. उजवा हात विचित्र वळला होता आणि ते बेशुद्ध होते. शेजारी मामानं त्यांना शिवायला दिलेल्या सीट कव्हरांचं कापड विखुरलं होतं. धडक देणारी गाडी पळून गेली होती.

माणसं जमली. वसाहतीचे सेक्रेटरीही धापा टाकत आले. मामानं टॅक्सी थांबवली. "तुम्ही सगळे दवाखान्यात जा," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्या शेडकडे मी बघतो!" किती चांगले आहेत, असं तेव्हा वादळला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तेच सेक्रेटरी शेडसमोर येऊन कडाडले, "शिंपी शुद्धीवर आलाय! धडक लाल गाडीनं दिली म्हणतो. आणि तुमची गाडी? काल लाल, आज निळी! पुरावा पुसताय काय?"

मामाचा चेहरा उतरला. "अहो, ती आठवड्यापासून हललेली नाही. काल तर तिची दारं निळी होती, बॉनेटवर राखाडी अस्तर होतं!"

"कुणी पाहिलं? शटर तर कायम बंद! धडक देऊन गाडी आत घातलीत, वर साळसूदपणे टॅक्सी बोलावलीत. हाताला निळा रंग होता, मी पाहिलाय! दुपारी हवालदार येतील, त्यांना सांगा काय ते."

"वसाहतीत दुसरी लाल गाडी तुमचीच आहे," प्रोफेसर पुटपुटला.

"माझी आठ दिवस कव्हरखाली आहे! लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!"

ते पाय आपटत गेले. थोड्या वेळानं शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. बातमीला पाय फुटतात हेच खरं! चौकशी पूर्ण होईपर्यंत काम देता येणार नाही, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं बाई म्हणाल्या. मामा उलट्या बादलीवर बसून राहिला. नेहमी बडबडणारा मामा असा बसलेला वादळला बघवेना. तिला खूप रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग कुठेतरी काढायचा म्हणून ती सामान आवरू लागली.

मामा धुतलेले रोलर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून खिळ्यांना टांगत असे. एक होता, दुसरा होता. तिसरी पिशवी मात्र रिकामी!

"बोक्या, रोलर कुठाय?"

"मी नाही घेतला! आईशप्पथ!"

प्रोफेसर फळीकडे बघत होता. धुळीत डबा ठेवल्याची गोल खूण होती, डबा नव्हता. "इथं बाबांचा उरलेला लाल रंग होता. गाडीचे ओरखडे झाकायला आणलेला."

"म्हणजे चोरानं नवा निळा डबा सोडला आणि जुनाट लाल नेला?" वादळ थबकली. "लाल रंग कुणाला लागतो रे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काल शेडकडे कोण बघत होतं, हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती.

सेक्रेटरींची गाडी कुंपणाशी उभी होती. वारा सुटला होता आणि तिचं करडं कव्हर फडफडत होतं. तिघं वाकून जवळ गेले. वरच्या मजल्यावर सेक्रेटरींची खिडकी सताड उघडी होती.

"ताई," बोका कुजबुजला, "सगळीकडे फडफडतंय, पण इथं नाही."

खरंच! पुढच्या चाकाच्या वर हातभर जागी कव्हर अगदी घट्ट बसलं होतं. वादळनं नाक जवळ नेलं. ओल्या रंगाचा वास!

"धरून बसलाय!" तिनं कव्हराला हात घातला.

प्रोफेसरनं तिचं मनगट पकडलं. "थांब! आपण ओढलं तर ते म्हणतील, रंग आपणच लावला. हे मोठ्या माणसानं ओढायला हवं. हवालदारांनी!"

"अरे, पण मामा तिकडे..."

"दाबू नकोस, वादळ!"

तिनं दात-ओठ खाल्ले, पण हात मागे घेतला. वर खिडकीत खोकल्याचा आवाज आला. तिघं कुंपणाआड पसार झाले.

दुपारी हवालदार आले. त्यांनी मामाची गाडी पाहिली, टिचकी मारली, मान हलवली. सेक्रेटरींचं तोंड सुरूच होतं.

"हवालदारकाका," वादळ पुढे झाली. आवाज तिनं हलका ठेवला. "लाल गाड्या दोन आहेत. एकच बघून कसं चालेल?"

"बघायची पद्धत म्हणून बघू," हवालदार म्हणाले. सेक्रेटरी कपाळ पुसत मागून निघाले.

"ही बघा, कव्हरखाली आहे. आठ दिवस किल्लीही लावलेली नाही. चला!"

हवालदार वळले. झालं, गेली संधी! वादळनं कुंपणाकडे पाहिलं.

म्यांव.

"आँ?" हवालदार थांबले. "पिल्लू आहे वाटतं आत."

"छे छे! मांजर-बिंजर काही नाही!"

म्यांऽऽऽव! आता तर पिल्लू अगदी शेवटचा श्वास घेत होतं.

"अहो, ऐकू येतंय की! घरी माझ्याकडेही दोन आहेत. इंजिनात अडकलं तर मरेल बिचारं," म्हणत हवालदारांनी कव्हर धरलं.

"नको!" सेक्रेटरी किंचाळले. "मी... मी नंतर काढतो!"

पण कव्हर सरकलं होतं. मागून सुटलं, वरून सुटलं आणि पुढच्या चाकापाशी अडलं. हवालदारांनी हिसका दिला. टर्रर्र! कव्हराची एक चिंधी तिथंच चिकटून राहिली. भोवती ओबडधोबड, पुटकुळ्या आलेला लाल रंग होता आणि त्याखाली चांगला खोल पोचा!

हवालदारांनी बोट लावलं. बोट लाल झालं.

"आठ दिवस गाडी हलली नाही ना, काका?" वादळ म्हणाली. "मग रंग ओला कसा?"

हवालदारांनी डिकी उघडायला लावली. आत मामाचा लाल डबा होता आणि शेजारी वाळून खडंग झालेला तिसरा रोलर.

"फोन वाजला... नजर हटली..." सेक्रेटरी मटकन खाली बसले. "शिंपी पडलेला दिसला आणि घाबरलो हो! मागच्या फाटकानं गाडी आत घातली."

"घाबरलात हे समजलं," हवालदार म्हणाले. "पण ह्यांच्या गळ्यात घोंगडं टाकलंत ते? ते काय घाबरून? चला चौकीवर. आणि ते पिल्लू कुठाय?"

कुंपणाआडून बोका उभा राहिला. त्याला बघून हवालदारांनी इतक्या जोरात हसायला सुरुवात केली की शेजारपाजारचे गॅलरीत आले!

संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई स्वतः शेडमध्ये आल्या. "माझी घाई झाली," त्या मामाला म्हणाल्या. "चौकशी न करता तुम्हाला थांबवलं. काम तुमचंच आहे. आणि ही मुलं आमच्या शाळेत असती तर मला आनंद झाला असता!"

शिंपीकाकाही दवाखान्यातून सुट्टी मिळताच प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून आले होते. सीट कव्हरं आता ते सांगतील तशी मामी शिवणार होती. त्यांनी डाव्या हातानं तिघांच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या हातासाठी कुणी भांडलं नव्हतं रे आजवर! प्लास्टर काढायला मी ह्याच गाडीतून जाणार बरं का. पुढच्या सीटवर!"

मामानं रोलर रंगात भिजवला, ट्रेवर निथळवला आणि वादळसमोर धरला.

"बॉनेट?" तिनं विचारलं.

"बॉनेट. कव्हर समोर असताना ज्या हातानं दम धरला, तो हात हलका झालाच म्हणायचा."

वादळनं रोलर घेतला. शेडमध्ये सगळे श्वास रोखून बघत होते, बोकासुद्धा. राखाडी अस्तरावर निळा पट्टा हळूहळू पुढे सरकू लागला. ती अजिबात दाबत नव्हती.