मँटलवरचा हिरवा चुडा

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची मला सवय नाही. नात मोबाइलवर लिहून घेतेय आणि मधूनच हसतेय. हस बाई. माझ्या जागी असतीस तर दातखीळ बसली असती.

तारीख सतरा मार्च. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. जागा माझगावचा एक जुना बंगला.

वेळ भर दुपारची. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी अंबिका. तेव्हा एकोणीस वर्षांची. राहायला लालबागच्या चाळीत. आमचे हे, लवू त्यांचं नाव, गोदीत फिटर. मी त्यांची दुसरी बायको. पहिली सुंदरा, ती विषमज्वराने गेली होती.

गेली म्हणायचं आपलं.

घरात उठता-बसता सुंदराच. कुळथाची पिठी केली की ह्यांचं सुरू, सुंदरा कोकम बेताने घालायची. अंथरूण घातलं की, सुंदरा उशी अशी नव्हती ठेवत. मला तर ते कधी नावानेसुद्धा हाक मारत नसत. "अगं ए", बस.

लग्नातच सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक बांधला होता. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर उभी बाई कोरलेली. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक घालायचा, ही आमच्यातली रीत. कुंकू आधी तिला, मग आपल्याला. नवं लुगडं आधी तिला टेकवायचं, मग नेसायचं. म्हणजे सवत जळत नाही म्हणे.

आणि मी जळत होते, त्याचं काय?

ह्यांच्या ट्रंकेत तिचा हिरवा चुडा होता, खणात गुंडाळलेला. आजारात तिचे हात इतके बारीक झाले की बांगड्या आपोआप गळून पडायच्या. मग तिनेच काढून ठेवल्या. एकदा घरात कुणी नसताना मी त्या घालून पाहिल्या.

अंगठ्याच्या हाडापाशीच अडकल्या. साबण लावला, तरी नाही. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले.

माझगावला मी डोनली मेमकडे घरकाम करत असे. म्हातारी मूळची आयर्लंडची. तिचा साहेब गोदीत इंजिनियर होता, तो इथेच वारला. तिच्या दिवाणखान्यात भिंतीत शेकोटीची जागा होती. मुंबईत शेकोटी कशाला लागते ते त्या बांधणाऱ्यालाच ठाऊक. वर एक संगमरवरी फळी. मेम तिला मँटल म्हणायची.

सतरा मार्चला त्यांच्या संताचा सण. त्या दिवशी ती फळी हिरवीगार करायची. हिरव्या फिती, कागदाची कातरलेली तिपानी पानं, मेणबत्त्या आणि मेमच्या मेलेल्या माणसांचे फोटो. आदल्या दिवशी तिने मला सांगितलं की येताना हिरव्या काचेच्या बांगड्या आण, मेणबत्तीच्या दांड्यांना घालू.

बाजारात ढिगाने मिळाल्या असत्या. पण सकाळीच ह्यांनी पिठीची वाटी सरकवली. म्हणाले, तिच्या हातची चव नाही ती नाहीच.

डोकं फिरलं माझं. ते कामाला गेल्यावर मी ट्रंक उघडली आणि चुडा उचलला. त्या दिवशी टाकाला कुंकूसुद्धा लावलं नाही.

बंगल्यात जाऊन मी त्या बांगड्या दांड्यांना घातल्या. हिरव्या सजावटीत अगदी शोभून दिसल्या. मग गळ्यातला टाक सोडला आणि तोही तिथेच ठेवला, गोऱ्या साहेबाच्या फोटोला टेकवून.

मनात म्हटलं, राहा इथेच. माझ्या घरात नको.

मेमने टाक पाहिला. तिच्या घरची रीत अशी, की फळीवर ज्याची खूण ठेवली त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, आज घरी या. तिने मोडक्या हिंदीत विचारलं, ही कोण?

मी खोटं बोलले. बहीण म्हणाले.

"नाम?"

लग्न झाल्यापासून ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. सुंदरा.

मेमने मेणबत्त्या लावल्या. एकेक नाव घेतलं. शेवटी तिचंही घेतलं.

मी आत कपबशा धूत होते. मेम आरामखुर्चीत झोपली होती.

आणि दिवाणखान्यातून आवाज आला...

किण...

हात पुढे सरकला की चुडा वाजतो ना, तसा.

मी हात पुसत बाहेर आले. कुणी नाही. पंखा बंद. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या. मेम घोरत होती.

दांड्यांवर बांगड्या नव्हत्या.

एकही नाही.

टाक मात्र तिथेच होता. मी तो उचलला, उन्हात धरला...

त्यावरची बाई नव्हती.

झिजली नव्हती, पुसली नव्हती. नव्हतीच. कोरा गुळगुळीत पत्रा.

मी मेमला उठवलंही नाही. टाक मुठीत धरला आणि निघाले. परळच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता, ट्रामा बंद. घोषणा कानावर पडत होत्या, पण मला सगळीकडे किणकिणच ऐकू येत होती. लालबागपर्यंत चालत आले.

चाळीच्या जिन्यातच कुळथाचा वास आला.

सकाळनंतर मी चूल पेटवली नव्हती.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून हात थांबला त्यांचा.

"आत्ताच इलंस मां गो? पाणी भरलंस, पिठी केलंस... परत खंय गेल्लंस?"

म्हणे मी आत्ताच घरी येऊन गेले होते! हंडा काठोकाठ भरलेला. उशी भिंतीला लावून आडवी ठेवलेली. मी तशी कधीच ठेवली नव्हती.

संध्याकाळी हे आले. मी पिठी वाढली. पहिला घास घेतला आणि थांबले. मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरून.

"आज जमलं," ते म्हणाले.

मी वाढायला हात पुढे केला...

किण...

माझ्या हातात हिरवा चुडा होता. मनगटावर सैल खेळत होता. मी कधी घातला, मला आठवत नाही. नंतर साबण लावून ओढला, तेल लावून ओढला. अंगठ्याच्या हाडापाशी अडकायचा, बाहेर यायचा नाही.

माझगावला मी परत पाऊल टाकलं नाही.

पुढे संसार छान झाला. तीन मुलं झाली. ह्यांनी मला पुन्हा कधी "अगं ए" म्हटलं नाही, गोड बोलायचे, हातात हात घ्यायचे. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. आणि ते हात धरायचे तेव्हा मी पूर्वीपेक्षा जास्त जळायचे. कारण ते माझ्याकडे बघत नसत, बांगड्यांकडे बघत.

तो टाक अजून माझ्या गळ्यात आहे. कोराच आहे. रोज सकाळी आधी त्याला कुंकू लावते. कुणाला लावते, माहीत नाही.

हे जाऊन तीस वर्षं झाली. त्या सतरा मार्चपासून शेवटपर्यंत त्यांनी सुंदराची आठवण एकदाही काढली नाही.

माणूस समोर असताना आठवण कशाला काढतील?