साखर लावलेलं ‘काहून’

"आय वंडर इफ यू कुड हेल्प मी अंडरस्टँड..."

असं कुणी आपल्या खुर्चीमागे उभं राहून म्हणालं, की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. अमेरिकेत दोन वर्षं काढल्यावर उपासनाला एवढं कळायला लागलं होतं. ‘मला जरा समजून घ्यायला मदत कराल का’ म्हणणाऱ्या माणसाला मदतबिदत काही नको असते. बाई, डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच त्याला विचारायचं असतं.

तिने खुर्ची फिरवली. समोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. दोन इमारतींमधलं पटांगण ओलांडून आला असावा, कारण बाहेर एप्रिलचा पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या खांद्यांवर बारीक थेंब होते. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव होतं, प्रितम. हातात तिचाच ईमेल, छापून आणलेला.

टेक्सासमधल्या प्लेनोतल्या एका टेलिफोन कंपनीत उपासना सॉफ्टवेअर तपासायची. चुका शोधायचाच पगार मिळायचा तिला. मॅन्युअल लिहिणारे लोक पलीकडच्या इमारतीत बसत, आणि काल तिने त्यातल्या कुणा अनोळखी माणसाला लिहिलं होतं, ‘पेज फॉर्टीवन इज राँग. व्हाय यू हॅव रिटन लाइक धिस?’

"पान चुकलंय, ते मान्य," तो इंग्रजीत म्हणाला, अगदी हळू. "पण तुमचा मेल वाचून मला शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटलं."

ती काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून बाबा.

"जयभीम, बाबा... ऑफिसात आहे मी. कोण? न्यू जर्सीचा? बाबा, आत्ता नको ना. बिल चढतंय तुमचं. ठेवा."

तिने फोन ठेवला. तो माणूस अजून तिथंच होता, पण आता वेगळाच दिसत होता. गावाकडचं कुणी गर्दीत भेटावं तसा.

"जयभीम," तो म्हणाला. आणि मग मराठीत, "मी औरंगाबादचा."

उपासनाला हसू आलं. या गावातल्या मराठी मंडळींत पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारून, मग ‘अच्छा, अच्छा’ म्हणत विषय बदलणाऱ्या काकू तिला पुष्कळ भेटल्या होत्या. उत्तरादाखल जयभीम म्हणणारं हे पहिलंच माणूस. तिने बाजूची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली, "आणि पान चुकलंच कसं ते सांगा."

आता उपासनाचा तरी काय दोष? ज्या घरात ती वाढली, तिथं ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारल्याशिवाय घास खाली उतरत नसे. बाबा शिक्षक. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, थोरांनी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही, आधी विचारायचं, हे त्यांनी पोरीला बाराखडीबरोबर शिकवलं होतं. नागपुरात याला हुशारी म्हणत. प्लेनोत याला ‘टोन’ म्हणत. तिची मॅनेजर डायॅन फार चांगली बाई, पण तिने हसत हसत सांगून टाकलं होतं, की काम उत्तम आहे, फक्त लोक तुला घाबरतात. टोन सुधारला तर वर्षअखेरीला टीम तुझी.

"मग सुधारा ना," प्रितम म्हणाला. "मी शिकवतो. अर्ध्या ऑफिसचे मेल मीच गोड करून देतो."

"फी?"

"रोज एक पोळी. तुमच्या डब्यातली."

ऑफिसच्या आवारात एक तळं होतं, माणसांनी खणलेलं, आणि त्यात बदकं होती, ती मात्र आपणहून आलेली. तिथल्या बाकावर दुपारची शिकवणी सुरू झाली.

"समजा, गॅरीने तारखांचा हिशेब चुकीचा मांडलाय. काय म्हणाल?"

"गॅरी, हे चूक आहे. असं का केलंस?"

"गॅरी गेला घरी रडत. म्हणायचं, ‘मे आय आस्क व्हॉट लेड यू टु दॅट कन्क्लूजन?’ या निष्कर्षाला आपण कसे पोचलात, विचारू का?"

"एवढा फेरा? का म्हटलं की संपलं."

"नुसतं का म्हटलं की माणूस आधी स्वतःला वाचवतो आणि मग उत्तर देतो. फेरा घेतला की त्याला जरा... उसंत मिळते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पोळीचा तुकडा हातात धरून हा माणूस किती गंभीरपणे बोलतो, आणि त्याच्या पापण्या किती लांब आहेत — हे दोन्ही एकदमच तिच्या लक्षात आलं. तिने घाईने बदकांकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "मे आय आस्क व्हॉट लेड यू टु... माझी दुसरी पोळी उचलायला?"

"एक्सलंट क्वेश्चन," तो म्हणाला आणि पोळी खाऊन टाकली.

पंधरा दिवसांत तिने ‘तू’वर गाडी आणली. तो मात्र ‘तुम्ही’ सोडेना. एकदा तिने विचारलं, एवढा मोठा झालास, लग्न का नाही केलंस? तर म्हणाला, केलं होतं. तीन वर्षं टिकलं.

"काहून मोडलं?" तोंडातून निघून गेलं, साखर लावायची राहिलीच.

"ती म्हणायची, तुझ्याशी भांडता येत नाही. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचो. ती जाते म्हणाली, तेव्हाही..." त्याने बदकांना चुरा टाकला. "तेव्हाही बरं म्हणालो. मला वाटायचं, माणसाचा निर्णय मानणं म्हणजेच प्रेम."

उपासनाला त्याचा फार राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. दोन्ही तिने मनातच ठेवलं. नवी विद्या कामाला येत होती.

येत होती हे खरंच. मीटिंगमध्ये तिने गॅरीला ते वाक्य टाकलं, गॅरी मोठ्या आनंदाने फळ्यापाशी समजवायला गेला आणि तिसऱ्या ओळीवर आपली चूक आपणच पकडून बसला. डायॅन खूश. गॅरी खूश. उपासना घरी गेली आणि बूट न काढता सोफ्यावर पडून राहिली. दिवसभर गोड बोलून जीभ दमते, हे कुणाला सांगून पटत नाही. शेतात राबलेला माणूस दमला म्हणतो तेव्हा लोक पाणी देतात. हिने नुसतं विचारपूर्वक विचारलं होतं. हायवेवरून येताना हात दुखत, मायक्रोवेव्हमधली खिचडी मध्येच थंडगार लागे, आणि शनिवारी बाबांचा फोन येई, न्यू जर्सीच्या मुलाचं काय ठरवलंस बेटा. आणि एका शनिवारी ते म्हणाले, मी आता थकलो.

बाबांनी कधी नव्हे ते थकलो म्हटलं, तिथं ती हरली. म्हणाली, येऊ द्या त्याला. काहून, कशासाठी, कोण, कसा... यातलं एकही विचारलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. ज्या घरात प्रश्नाशिवाय भात शिजत नसे, तिथं एवढी मोठी गोष्ट मुकाट्याने ठरली.

सोमवारी तिने बाकावर सांगितलं. "येत्या रविवारी एक मुलगा येतोय न्यू जर्सीहून. मला बघायला. मी हो म्हणणार आहे."

प्रितमच्या हातातली पोळी हातातच राहिली. उपासना वाट बघत होती. विचार ना, तिचं मन म्हणत होतं. हवा तेवढा फेरा घे, पण विचार.

"आय..." तो म्हणाला. पोळी डब्यात परत ठेवली. "आय रिस्पेक्ट युअर डिसिजन."

तिने डबा बंद केला.

"तुझी शिकवणी संपली," ती म्हणाली. "थँक यू फॉर युअर टाइम."

मराठी माणूस रागावून इंग्रजीत शिरला, की समजावं, घाव खोल गेलाय. मंगळवारी ती बाकाकडे गेली नाही. बुधवारी, गुरुवारीही नाही. गुरुवारी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो एकटाच बसला होता आणि बदकांना दुकानातला पाव घालत होता. तिला वाटलं, जावं. मग वाटलं, सगळे प्रश्न आपणच का विचारायचे?

शुक्रवारी दुपारी आभाळ हिरवट झालं आणि भोंगा वाजला. टेक्सासात मे महिन्यात असा भोंगा वाजला की टोर्नेडो, म्हणजे घरं उचलून नेणारी वावटळ, येतेय असं समजून सगळ्यांनी खिडक्या सोडून मधल्या जिन्याखाली जाऊन बसायचं, साहेब असो की शिपाई. उपासनाही बसली, भिंतीला टेकून. एका बाजूला डायॅन, समोर गॅरी. बाहेर गारा ताडताड आपटत होत्या. तिला भीती वाटायला हवी होती, पण ती इतकी दमलेली होती, की बसायला मिळालं याचंच बरं वाटलं.

जिन्याचं जाड दार धाडकन उघडलं. डोक्यावर जाडजूड मॅन्युअल धरलेला, चिंब भिजलेला प्रितम आत आला. सगळं ऑफिस भिंती शोधत असताना हा शहाणा गारांतून पटांगण ओलांडून आला होता. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. कपाळावर एक लाल टेंगूळ उठत होतं.

"आय वंडर इफ..." तो म्हणाला. धाप लागली होती. "मे आय सजेस्ट दॅट... विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट..."

"पुढे?" उपासना म्हणाली.

त्याने डोळे मिटले, उघडले.

"का?" तो म्हणाला. मराठीत, साखरेशिवाय. "का हो म्हणतेस त्याला?"

म्हणतेस. ‘म्हणता’ नव्हे.

"दमले रे मी," ती म्हणाली. "खूप दमले. बाबाही दमले. कुणालातरी हो म्हणून टाकलं की संपेल सगळं."

"दमल्यावर माणूस झोपतो, उपासना. लग्न करत नाही."

तिने त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं.

"नको म्हण त्याला," तो म्हणाला. "मला नाही रिस्पेक्ट तुझ्या त्या डिसिजनचा. चूक आहे तो. माझ्याशी लग्न कर."

आजूबाजूला तीसेक माणसं बसली होती आणि एकालाही अक्षर कळलं नव्हतं. उपासनाने डोळे पुसले, पाठ ताठ केली, आणि डायॅनला ऐकू जाईल अशा स्पष्ट, सुरेख इंग्रजीत विचारलं,

"मे आय आस्क व्हॉट लेड यू टु दॅट कन्क्लूजन?"

डायॅनने कौतुकाने मान हलवली. गॅरी प्रितमला सहानुभूतीने म्हणाला, "टेक युअर टाइम, मॅन. शी इज टफ."

प्रितमने टाइम घेतला नाही. "आजवर माझी चूक मला तोंडावर सांगणारी तू एकटी भेटलीस," तो म्हणाला. "आणि चार दिवस झाले, मी जेवलो की पोळीच आठवते. आणि तू गेलीस तर मी परत बरं म्हणेन, आणि या वेळी... या वेळी मला ते झेपणार नाही."

"पोळीसाठी?"

"पोळी धरून."

तिने हात पुढे केला आणि त्याच्या ओल्या केसांत अडकलेली गार काढली. ती तिच्या बोटांतच वितळली.

शनिवारी सकाळी तिने नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. सोफ्यावर शेजारी प्रितम, दोन कप चहा, बाहेर धुऊन निघालेलं ऊन. तिने एका दमात सांगून टाकलं, की न्यू जर्सीच्या मुलाला येऊ नको म्हणून कळवा, दुसरा एक आहे, त्याचं एक लग्न मोडलंय, आणि मला तोच पाहिजे.

मग बाबा म्हणाले, "काहून?"

इतक्या दिवसांनी तो शब्द बाबांच्या तोंडून ऐकला आणि उपासनाला रडूच आलं. "कारण तो विचारतो, बाबा."

"दे त्याला."

प्रितमने फोन घेतला. "जयभीम, काका." मग ऐकत राहिला. बाबांचा आवाज मोठा, बाहेर ऐकू येत होता. पहिलं लग्न काहून मोडलं? प्रितमने उपासनाकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर एखादं लांबलचक, गुळगुळीत वाक्य येऊन थांबलेलं तिला दिसलं. त्याने ते गिळलं.

"मी भांडलो नाही म्हणून."

"आमच्याकडे भांडावं लागते बाप्पा."

"शिकतोय, काका."

"कोणापासून?"

"तुमच्या मुलीकडून."

बाबा हसले की खोकले, कळलं नाही. पण पुढचा प्रश्न आला, मग त्याच्या पुढचा. नोकरी का बदलली, आईला एकटं का ठेवलं, परत कधी येणार, का नाही येणार. प्रितम एकेकाचं सरळ उत्तर देत होता, एकदा तर चक्क "ते मला पटत नाही, काका" म्हणाला. उपासना ऐकत होती. आता आपल्याला काही विचारायचं नाही, आपली बाजू मांडणारं माणूस बोलतंय, हे तिच्या अंगाला हळूहळू कळत गेलं.

प्रितमने काहीतरी विचारायला मागे वळून पाहिलं, तर तिचं डोकं कलून त्याच्या खांद्याला लागलं होतं. चहा तसाच होता.

"हॅलो? कुठं गेली ते पोरगी?" बाबांनी विचारलं.

"झोपलीय, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "दमलीय फार."

"झोपू दे मग," बाबा म्हणाले. "तू सांग."