पितृपक्षातलं गिऱ्हाईक

मोबाईल उलटे करून ठेवा आधी. त्या निळ्या उजेडात गोष्ट ऐकायची म्हणजे ताटात पाणी ओतून जेवायला बसण्यासारखं आहे. निधी, तू गच्चीवरच्या या टाकीला टेकून बस आणि मध्येच उठून खाली पळू नकोस. लाईट यायचे तेव्हा येतील. गोरेगावात राहिलं म्हणून काय माणसाने अंधार कधी बघूच नये?

हे घडलं माझ्या भाचजावयाच्या बाबतीत. माझी भाची अक्षता, तिचा नवरा चैतन्य घाडी. सज्जन पोरगा, पण तोंडाने फटकळ आणि अंगाने चुळबुळ्या. एका जागी बसला तर शप्पथ. कुरिअर कंपनीत होता, तिने गाशा गुंडाळला, तेव्हा याने रेराची परीक्षा दिली आणि घरांचा एजंट झाला. सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि देव्हाऱ्याच्या वर खिळा ठोकायला निघाला.

"देवांच्या डोक्यावर नको रे लावू," अक्षता म्हणाली.

"बरं, बाजूला लावतो. शेजारी म्हणून राहू दे."

मग व्हिजिटिंग कार्डं छापली. भाजीवाल्याला कार्ड, रिक्षावाल्याला कार्ड, सत्यनारायण सांगायला आलेल्या भटजींनाही कार्ड. पण कुणी फोन करेना. अक्षताला सहावा महिना लागलेला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, त्यामुळे तिची नोकरी सुटली. कांजूरमार्गला यांची भाड्याची खोली, अकरा महिन्यांच्या करारावरची. दिवाळीच्या आत पहिला सौदा झाला नाही, तर खोली सोडायची आणि अक्षताला बाळंतपणासाठी आईकडे कुडाळला पाठवायचं, असं ठरलं होतं. चैतन्य रात्री झोपेतसुद्धा फोन चाचपायचा.

तो काम करायचा मुलुंडच्या चंद्रप्रकाश शेठकडे. शेठ या धंद्यात मुरलेला माणूस. पितृपक्ष लागला तसं त्यांनी बजावलं, "या पंधरवड्यात फ्लॅट झाडायचे, फोटो काढायचे, नळ गळतात का बघायचं. दाखवायचा मात्र एकही नाही."

"लोक घेत नाहीत म्हणून?"

"लोक बघायलाही येत नाहीत."

"आणि आलंच कुणी आपणहून तर?"

शेठने चष्मा काढून पुसला. "तर घटस्थापनेनंतर या म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. जिवंत माणूस या दिवसांत घर बघत नाही, चैतन्य."

चैतन्य हसला. परीक्षेत हा प्रश्न नव्हता, असं म्हणाला.

त्रयोदशीचा शुक्रवार होता तो, गेल्या वर्षीचा. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडजवळ एक जुनी बिल्डिंग आहे. तिथला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढलेला. मालक केयूर म्हणून कुणी, परदेशात. चैतन्यने दुपारभर फ्लॅट झाडला, जळमटं काढली, फोटो काढले. दिवेलागणीला कुलूप घालायला बाहेर आला, तर जिन्यात एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीचा बंद तुटलेला, सेफ्टी पिनेने जोडलेला.

"घर दाखवतोस का रे, बाळा?"

शेठचं बोलणं आठवलं त्याला. अगदी ओठांवर आलं, घटस्थापनेनंतर या. पण इतक्या दिवसांत त्याला कुणी घर दाखव म्हटलं नव्हतं हो! भुकेल्यासमोर ताट आलं, तर तो पंचांग बघत बसेल का?

"या ना मावशी, या! बघा, हवा कशी खेळते. पाणी भरपूर. स्टेशन चालत. मार्केट खालीच."

म्हातारीचं लक्षच नव्हतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, खिडकीशी उभी राहिली.

"इथे कावळा येतो?"

चैतन्य गडबडला. लोक पार्किंग विचारतात, शाळा विचारतात. "येतो की! रोज येतो," त्याने दडपून सांगितलं.

"शेजारच्यांची हाक ऐकू येते?"

"एकदम क्लिअर."

"दुपारी घरात कोण असतं?"

"आता रिकामंच आहे ना मावशी. तुम्ही आलात की तुम्ही असणार."

"मग नको." ती वळली. "रिकाम्या घरात लई दिवस काढले मी. माणसांचं घर दाखव. भरलेलं."

चैतन्यला वाटलं, म्हातारीला पेइंग गेस्ट म्हणून राहायचं असेल. गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. "कसं हवं ते नीट सांगा. मी बघून देतो."

"तू राहतोस ते कसं आहे?"

आणि हा बोलत सुटला. एजंटाच्या जिभेला हाड नसतं, पोरांनो. कांजूरची ती दीड खण खोली, पण याने तिचा महाल केला. शेजाऱ्यांची दारं दिवसभर उघडी, मावशी. कुणाची भाजी कुणाच्या ताटात, पत्ता लागत नाही. बायको घरीच असते, गप्पिष्ट आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत कावळा पोळी खायला येतो. आणि डिसेंबरात बाळ येतंय, मग काय, घर नुसतं भरून जाईल!

म्हातारी पहिल्यांदा हसली. "असंच पाहिजे."

"असंच मिळवून देतो. शब्द आहे आपला."

तिने पिशवीत हात घातला आणि एक सुपारी काढून त्याच्यापुढे धरली. "हा बयाणा."

जुनी माणसं, जुन्या पद्धती, असं म्हणत याने हसत हसत दोन्ही हातांनी ती घेतली. वर स्वतःचं कार्डही दिलं. म्हातारी जिना उतरून गेली. हा शिट्टी वाजवत घरी आला, शर्ट खुंटीला टांगला आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

शनिवारी सकाळी याने चंद्रप्रकाश शेठच्या टेबलावर सुपारी टाकली आणि सगळं रंगवून सांगितलं. शेठ चहा पीत होते. पीत होते ते थांबले.

"पिशवीला सेफ्टी पिन होती?"

"हो. ओळखता तुम्ही?"

"मीच त्यांना तो फ्लॅट घेऊन दिला होता. मालनबाई. केयूरची आई." शेठचा आवाज खाली गेला. "पोरगा तिकडे, या एकट्या. पहाटे उठून उंबरठा धुऊन रांगोळी काढायच्या, पण कुणाचं जाणं नाही, येणं नाही. गेल्या, ते कळलंसुद्धा नाही कुणाला. शेवटी दार फोडावं लागलं."

चैतन्य खुर्चीतून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"पूजेत सुपारी का मांडतात, माहीत आहे?" शेठ म्हणाले. "जे हजर नाही, त्याच्या जागी. आणि ती तू दोन्ही हातांनी घेतलीस. रात्री कुठे होती?"

"शर्टाच्या खिशात... घरी."

शेठनी सुपारीला हात न लावता कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "उद्या सर्वपित्री. उद्या सगळे परत जातात. त्याच्या आत, आज रात्री, जिथे घेतलीस तिथेच परत ठेव. सौदा मोडला म्हणून तोंडाने सांग. आणि एक लक्षात ठेव. दुसरं घर दाखवतो, असं चुकूनही म्हणू नकोस. आपल्या तोंडात बसलेलं असतं ते."

घाबरलीस, निधी? मग सरक इकडे. अजून तो फ्लॅटवर पोचलाही नाही.

अक्षताला त्याने काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला भेटायचंय म्हणाला. खोटं तरी कसं म्हणायचं त्याला? दहाच्या सुमाराला तो मिठागर रोडला उतरला. बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी घरी टीव्ही चालू होता. जिन्यात दिवा होता. त्याला जरा धीर आला.

कुलूप उघडलं. आत काळोख. मेन स्विच त्यानेच काल बंद केला होता, आणि तो आतल्या पॅसेजमध्ये. मोबाईलची बॅटरी लावून तो स्वयंपाकघरात गेला. झाडलेल्या घराला फिनेलचा वास यायला हवा होता. वास येत होता फोडणीचा.

सुपारी ओट्यावर ठेवली. ती गडगडली, त्याने पकडून पुन्हा ठेवली.

"मावशी... सौदा मोडला. ते घर माझं नाही. भाड्याचं आहे. मला द्यायचा हक्क नाही."

त्याने कान टवकारले.

टीव्हीचा आवाज बंद झाला होता. कधी झाला, कळलं नाही.

"मावशी, मी जातो."

"मग दुसऱ्या कुणाचं दाखव."

आवाज हॉलमधून आला. दाराच्या बाजूने. त्याच्या आणि दाराच्या मधून.

आता ऐका. त्याच्या जिभेवर नाव होतं. कांजूरच्या त्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर माधुरी म्हणून बाई राहायची, जुळी पोरं, सासू, दीर, घर कसं गच्च भरलेलं. तिची खिडकी, तिचा कावळा, सगळं याला ठाऊक. एक नाव घ्यायचं... की हा मोकळा. अक्षता मोकळी. बाळ मोकळं. तोंड उघडलं होतं त्याने.

"नाही दाखवत," तो म्हणाला.

त्याने ओट्याची कड धरली.

"माझं नाही. दुसऱ्याचं पण नाही. कुणाचंच नाही."

मोबाईलचा उजेड भिंतीवर होता. तो हॉलकडे वळवायचं धाडस होईना. पावलं ऐकू आली. अनवाणी. हळू. जवळ. थांबली.

"मग मी जाऊ कुठे?"

मला सांगताना तो म्हणाला, मामा, त्या क्षणी भीती गेली आणि रडू आलं. माझी आजी अशी विचारत उभी असती तर? तो तसाच ओट्याला धरून उभा राहिला. किती वेळ, त्याला माहीत नाही. खालच्या घरात टीव्ही पुन्हा सुरू झाला. हॉलमध्ये कुणी नव्हतं. कुलूप लावलं आणि तीन मजले त्याने कसे उतरले, ते त्याचं त्याला ठाऊक.

घरी अक्षता शांत झोपलेली. दुसऱ्या दिवशी सर्वपित्रीला त्याने आपल्या आजी-आजोबांच्या पानाशेजारी एक जास्तीचं पान वाढलं. कावळ्याने चट्टामट्टा केला. शेठना फोन केला, तर ते म्हणाले, "गेल्या. सुटलास."

आणि सुटल्यासारखंच झालं की सगळं! दिवाळीच्या आत पहिला सौदा झाला, मग दुसरा. अक्षता कुडाळला गेली नाही. डिसेंबरात मुलगी झाली, गुटगुटीत. रात्री कधी रडली, तर उठून बघेपर्यंत आपोआप गप्प व्हायची. शहाणं बाळ आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. चैतन्यने हे सगळं मला बारशाच्या रात्री सांगितलं, तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्याच्या घरावर बला ढकलली नाहीस, हे बरं केलंस म्हणालो. आजही म्हणतो. मला अभिमान आहे त्याचा.

मग कांजूरचा करार संपला. मालकाला खोली हवी होती. मीच धावपळ करून त्यांना इथे गोरेगावात जागा बघून दिली, गेल्या महिन्यात. सामान चढवता चढवता रात्र झाली. एकही खोका उघडला नव्हता. अक्षता आणि बाळ आतल्या खोलीत, चैतन्य मधल्या दाराशी, आणि मी हॉलमध्ये, मुख्य दाराला अगदी चिकटून चटई टाकली. कडी मी माझ्या हाताने लावली. शिवाय खालचा बोल्टही सरकवला. माझी झोप कशी आहे, तुम्हाला माहीत आहे. मांजर गेलं तरी जागा होतो.

पहाटे पाठीला गार लागलं म्हणून उठलो. चटईची कड भिजली होती. मला वाटलं, पाण्याची बाटली सांडली. दिवा लावला.

कडी लागलेली. बोल्ट लागलेला.

चैतन्यही उठून आला. बघितलं आणि तिथेच थिजला. मग अक्षता आली, बाळाला खांद्यावर घेऊन. तिने खाली बघितलं आणि जांभई देत नवऱ्याला म्हणाली, "इथे पण पहिल्या दिवसापासून केलंस का रे? कांजूरला रोज करायचास, तेवढं पुरे होतं ना. रांगोळीचा डबा तरी कुठल्या खोक्यात सापडला तुला?"

चैतन्यने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. कांजूरला हे अक्षताच करते, असं तो धरून चालला होता. कोपऱ्यात खोके होते, सगळे चिकटपट्टीने बंद.

उंबरठा धुतलेला होता. आतल्या बाजूने. त्यावर रांगोळीच्या दोन सरळ रेघा, मध्ये हळद-कुंकू. मी खाली वाकून हळदीला बोट लावून पाहिलं. ती अजून ओली होती.