घासलेटवर बंद केलेला ट्रॅक्टर

तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा त्याचा उजवा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. बाहेर दोन दिवसांची पावसाची झड लागलेली. दवाखान्यात दुसरा पेशंट नव्हता.

"काय झालं?"

"हँडल मारलं."

"कोनं मारलं?"

"कोनं नाई... ट्रॅक्टरनं."

मी मान वर केली. हा देवमन, शिरपूरच्या गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर. रस्त्याने येता-जाता दिसायचा. ना शेत, ना बैलजोडी. याच्याकडे ट्रॅक्टर कुठला?

"तुमच्या दवाखान्यात पट्टी नाई का?" मी विचारलं.

"हाय ना. पन तिथं बैलाले लावतात थेच मले लावतीन."

आमची आया सोजरबाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. हसल्यावर जाणवलं की बऱ्याच दिवसांत आपला आवाज असा ऐकला नव्हता.

मी मूळची किन्हीराजाची. वडील गेल्यावर माझ्या नर्सच्या पगारावर धाकटी भावंडं शिकली, एकेक करून लग्नंही झाली. आता घरी गेले की भावजय पाट मांडून पाहुणीसारखं वाढते. इथे दवाखान्यामागची खोली, एक चूल, एक ताट. बाकीचे दिवस इंजेक्शनं आणि बाळंतपणांत जायचे, पण रविवार काही केल्या सरायचा नाही. म्हणूनच मी अकोल्याला बदली मागितली होती. मोठ्या गावात माणसं जास्त, एवढाच माझा हिशोब. एकटं माणूस गर्दीत अजून एकटं होतं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पट्टी बांधता बांधता देवमनने सगळं सांगितलं. संत्र्याच्या झाडांमधून फिरणारा छोटासा ट्रॅक्टर, बसलं की गुडघे छातीला लागतात. उदयसिंग नावाच्या बागायतदारांनी बागेसाठी घेतलेला. बहात्तरच्या दुष्काळात बाग वाळली आणि ट्रॅक्टर बाभळीखाली गंजत पडला. यानं तो मागून घेतला आणि चक्क बैलगाडीत घालून गावात आणला. सारं गाव पाहायला जमलं होतं म्हणे.

"करता काय त्याचं?"

"चालू करतो."

"मंग?"

"मंग बंद करतो." तो अंगठ्याकडे बघत म्हणाला, "रविवारी या पाहाले... काम नसन त."

मला रविवारी काम नसतं, हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

गुरांच्या दवाखान्यामागे पत्र्याची पडवी होती. तिथं तो लाल रंग उडालेला जीव उभा होता. देवमन फडक्यानं बॉनेट असं पुसत होता, जसं शाळेत जाणाऱ्या लेकराचं तोंड पुसावं. मला उगीच त्या बॉनेटचा हेवा वाटला.

"अंगठा मुठीत नाई धराचा," हँडल हातात देत तो म्हणाला. "बोटाच्या बाजूनं ठिवा. उलटं मारलं त अंगठाच जाते." त्यानं माझा अंगठा उचलून जागेवर ठेवला... आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. इंजिन सुरू झालं, पण मला बराच वेळ ते ऐकूच आलं नाही.

त्या इंजिनाची एक तऱ्हा होती. सुरू करायचं पेट्रोलवर. गरम झालं की टाकीखालची पितळी तोटी फिरवून घासलेटवर आणायचं, कारण पेट्रोल तेव्हा फार महागलं होतं. देवमन ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत जपून ठेवायचा. बाटल्या मीच पुरवायचे. आणि बंद करण्याआधी तोटी परत पेट्रोलवर.

"ज्याले पुन्हा चालू करायचं असते, त्यानं पेट्रोलवर बंद करावं," तो म्हणायचा. "नाईतर घासलेट आत राहते. थंड झाल्यावर मारा कितीबी हँडल."

एका रविवारी बंद करताना मी तोटी फिरवायची विसरले. पुढच्या रविवारी इंजिन ढिम्म हललं नाही. मग पेपर पसरून आम्ही कार्बोरेटर खोलला. एकेक भाग पुसला, फुंकला, उन्हात धरून पाहिला. दुपारी सोजरबाईनं भाकरी न् ठेचा आणून दिला, तो तिथंच खाल्ला. इंजिन लागलं तेव्हा गुरं घरी परतत होती. एवढा लवकर सरलेला रविवार मला आठवत नाही.

म्हणून मी पुन्हा विसरले. मग पुन्हा.

"घासलेटवरच राह्यलं वाटते," तो पेपर पसरत म्हणायचा. "लई विसरता तुमी."

"वय झालं."

"दिसत त नाई."

मी तोंड फिरवून प्लग घासत बसायचे.

दिवाळी झाली आणि माझी बदली आली. अकोला. आमचे डॉक्टर म्हणाले, "नको असेल तर सोमवारपर्यंत सांगा, दुसरी सिस्टर जायला तयार आहे." मी धावतच देवमनला सांगायला गेले. त्यानं फडकं खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"अकोला मोठं हाय," तो म्हणाला. "चांगलं झालं."

मला हवं होतं त्यानं म्हणावं, नका जाऊ. एवढंच. कारण मी आपणहून कुणासाठी राहायचं, आणि त्यानं सहज "काहून राह्यल्या?" विचारलं तर तोंड कुठं लपवायचं? खोलीवर येऊन मी कांदा न चिरताच रडले.

शेवटच्या रविवारी तरीही गेले. पाऊल दुसरीकडे वळलंच नाही. त्यानं ट्रॅक्टरला नवा लाल रंग दिला होता. पहिल्याच हँडलला इंजिन लागलं. मी बसले, आणि तो बाजूनं चालत राहिला. समोरच्या कडुलिंबाला वळसा घालून आम्ही परत पडवीत आलो.

मी उतरले. त्यानं हात पुढे केला आणि तोटीला न शिवता इंजिन बंद केलं.

मी बघतच राहिले. हा माणूस, जो कधी चुकला नाही...

"घासलेटवर बंद केला तुमी," मी म्हणाले. आता ट्रॅक्टर कधी चालूच करायचा नाही, असं ठरवलं असेल यानं?

"हो." तो खाली बघत होता. "तुमी बी विसरत नव्हत्या."

"...कवा समजलं?"

"दुसऱ्याच येळी."

"मंग बोलले काहून नाई?"

तो फडकं पिळत राहिला. कोरडंच होतं ते. "खाली एक स्क्रू असते. थो ढिला केला का घासलेट वाहून जाते. पाच मिनिटाचं काम. सारं खोलाची... गरजच नसते."

मी त्या पसरलेल्या पेपरांचे सगळे रविवार आठवून पाहिले. लबाड मी एकटीच नव्हते तर.

"अन् आज?"

"आज मी केला. म्हंजे पुढच्या रविवारी खोलावा लागन," तो हळूच म्हणाला. "एकट्यानं नाई होत."

मी हँडल उचललं. इंजिन गरम असलं की घासलेटवरही लागतं, हे त्यानंच शिकवलेलं. अंगठा बोटांच्या बाजूला, एक झटका... लागलं. मी तोटी पेट्रोलवर फिरवली आणि आवाज बदलेपर्यंत थांबले. देवमनचा चेहरा उतरत चालला होता. मग मी इंजिन बंद केलं.

"म्हंजे... येनार नाई तुमी?"

"उद्या सकाळी चालू करायचा हाय मले."

"उद्या त सोमवार हाय."

"मालूम हाय," मी म्हणाले. "डॉक्टरांले नाई म्हून सांगून येते, मंग चालू करू."